बंगळूर, पुणे की अजून एक वर्ष

३ जून
लॉच्या प्रवेशाची शेवटची यादी लागली. नाव नाही. वरून खाली बघितलं, मग खालून वर. नाही.
अक्का दवाखान्यातून आली. (राजारामपुरीत एका डॉक्टरांकडं रिसेप्शनला असते. आम्ही दोघी बहिणी तिथंच मागच्या गल्लीत खोली करून राहतो.) तिनं माझं तोंड बघितलं. भाकऱ्या केल्या. ताट पुढ्यात सारून म्हणाली, "फाशी झाल्या का काय? न्हाय न्हवं? मग जेव."
जेवले.

५ जून
क्लासच्या सरांकडं गेले. "थोडक्यात गेलंय. एक वर्ष टाक, पुढच्या वर्षी परत बस. खाजगी कॉलेजात जाऊन नाव घालवू नकोस." कुणाचं नाव, हे विचारायला हवं होतं.
हातात आहे ते असं. बंगळूरचं खाजगी लॉ कॉलेज सगळी फी माफ करतंय, पण दरवर्षी वर्गात वरच्या नंबरात राहायचं, घसरलं की माफी बंद. पुण्याचं अर्धी माफ करतंय, अट काही नाही. नाहीतर इथंच राहून परत परीक्षा. बं.ला २० पर्यंत कळवायचं आहे, पु.ला महिनाअखेर. (यापुढं एवढंच लिहिणार, बं. आणि पु.)

८ जून
गारगोटीला जाऊन आले. अप्पा दुकानात, पेंडीच्या पोत्यांमधे. गिऱ्हाईक असलं की घरचं बोलत नाहीत, म्हणून बसून राहिले. शेवटी म्हणाले, "पुणं बरं. जवळ हाय. उरलेल्या अर्ध्या फीचं मी बघतो. पण आधी अक्काचं मिटू दे."
मिटू दे म्हणजे अक्कानं घटस्फोटाची केस मागं घेऊन निपाणीला दाजींकडं नांदायला जायचं.
"पेंड न्यायला येत्यात आन् पोरीचं इचारत्यात," म्हणाले. "मी काय सांगू?"
अव्वा, आमची आई, आज असती तर त्यांना...
जाऊ दे. अक्काला यातलं काही सांगायचं नाही.

११ जून
अक्काची तारीख. मला आत सोडत नाहीत, बाहेर बाकावर. शेजारी एक बाई शेंगा सोलत बसली होती, टरफलं पदरात.
आत काय झालं ते अक्कानं रिक्षात सांगितलं, रस्त्याकडं बघत. दाजींच्या वकिलानं विचारलं, "मारहाण?" न्हाय. "हुंडा मागितला?" न्हाय. "मग त्रास काय, बाई?" अक्का म्हणाली, "बोलत न्हवते." "किती दिवस?" "दोन वर्षं."
वकील हसला म्हणे.
खरंच दोन वर्षं. ताट वाढलं की जेवायचे. मीठ हवं असलं तर आईला हाक मारून सांगायचे, अक्का समोर उभी असताना. मारलं असतं तर दाखवता तरी आलं असतं.
मला लॉ कशासाठी करायचंय, तर एवढ्यासाठी. कॉलेजच्या मुलाखतीत भलतंच सांगितलं होतं.

१४ जून
सरांचा फोन. नवी बॅच सोमवारपासून. हो म्हणायच्या बेतात होते. मी इथं राहिले तर ही खोली राहते. मी गेले तर अक्का एकटी, आणि अप्पा तिला एकटी राहू देणार नाहीत. गारगोटीला नेणार, तिथून निपाणीला पोचवणार.
संध्याकाळी तिला म्हटलं, "मी वर्ष टाकते. तुझ्याजवळ राहते."
ती केस विंचरत होती. "तुला जायाचं भ्या वाटतंय, विजू. तसं सांग की. मला कारण करू नगंस."
ती चुकीची आहे असं लिहायला बसले होते.

१७ जून
अप्पा न कळवता आले. मी दूध आणायला खाली गेले होते. परत येईपर्यंत त्यांनी अक्काला सगळं सांगून टाकलेलं, पु.च्या अर्ध्या फीचंही.
अक्कानं चहा गाळला. कप त्यांच्या हातात दिला, आणि म्हणाली, "दोन-तीन महिने राहून बघते तिकडं."
अप्पा कप घेऊन गॅलरीत गेले. पाठमोरे उभे होते. चहा तसाच. मला त्यांचा राग राग आला, आणि शर्टाची उसवलेली कॉलर दिसली तेव्हा तोही धड येईना.

१८ जून
बं.ला होकार कळवून टाकला. कुणाला न विचारता. बटण दाबताना वाटलं होतं काहीतरी वाटेल.
दवाखान्यात जाऊन अक्काला गाठलं. म्हटलं, "मी बंगळूर घेतलं. अप्पांचे पैसे नकोत आता. तुला जायची गरज नाही."
बाकांवर पेशंट बसलेले. तिनं एकाला नंबर दिला, मग मला म्हणाली, "तुझ्यासाठी चाललोय असं तुला कुणी सांगितलं?"
"मग कशासाठी?"
"दमलोय. तारखांना दमलोय, ह्या नंबर द्यायला दमलोय. तिकडं निदान कोण काय इचारणार न्हाय."
एवढं सरळ ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मागचा म्हातारा "बाई, माझा नंबर" करायला लागला. मी बाहेर आले. रस्त्यावर सगळीकडं क्लासचे बोर्ड, हसरे फोटो.

२२ जून
अक्काला निपाणीला सोडून आले. एक बॅग, एक पिशवी. बसमधे ती झोपली, किंवा डोळे मिटून बसली.
दार दाजींनीच उघडलं. माझ्याकडं बघून "या" म्हणाले. मग आत मान वळवून आईला म्हणाले, "आल्यात."
अक्का चप्पल काढत होती. तिनं ऐकलं. मी बघितलं की तिनं ऐकलं. तरी दुसरी चप्पल पण काढली, आणि दोन्ही भिंतीला नीट लावून ठेवल्या.
पाणी आलं, पोहे आले. निघताना तिला कोपऱ्यात म्हटलं, "चल परत. आत्ता चल."
"गाडी चुकंल तुझी," म्हणाली.

२३ जून
बं.चं पत्र आलं. जागा पक्की. पंधरा जुलैपर्यंत नाव मागं घेता येतं, असंही लिहिलंय. सरांना अजून कळवलेलं नाही. अक्काला दोनदा फोन केला. उचलला, पण "हं, हं" एवढंच. कुणीतरी जवळ असावं. किंवा नसेलही.
घरमालकीणबाई वर आल्या. "दोघी जाणार म्हणं. खोली कवा सोडताय?"
मी म्हटलं, "सोडत नाही. अजून थोडे दिवस ठेवायची आहे."
"आन् ऱ्हाणार कोण?"
"एकजण."
"कोण पर?"
मी किल्ली मागितली. अक्काच्या वाटणीची, ती जाताना त्यांच्याकडं देऊन गेली होती.