रेडिएटरमधली तुळस

अप्पा, काल मुलाने मोटारीच्या रेडिएटरमध्ये आडाचं पाणी सरळ बादलीने ओतलं आणि मी त्याच्यावर उगीचच खेकसले. आधी चाखून तरी बघ, म्हणाले. तो हसला. त्याला काय ठाऊक, त्याच्या आजोबांनी या पाण्यापायी घर कसं डोक्यावर घेतलं होतं. आपल्या सोलापूरच्या घरची विहीर मचूळ. ते पाणी घातलं की रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर धरतो, म्हणून तुम्ही गावाबाहेरच्या गोड्या विहिरीचं पाणी आणवायचात, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचात, आणि घोटभर तोंडात घोळवून मगच ओतायचात. पक्षकार ओसरीवर ताटकळत बसले तरी वकीलसाहेब मोटारीला पाणी पाजत आहेत, असंच त्यांना सांगावं लागे.

लग्नानंतर मी माहेरी आले होते आणि मला वेळापूरला सासरी पोचवायला आपण निघालो, त्याच्या आदल्या दिवशी ग्रहण होतं. ग्रहण सुटलं की घरातलं सगळं पाणी ओतून द्यायचं, त्यात मोटारीतलंही आलं, असं आईने बजावलं. एवढं गाळलेलं गोडं पाणी तुम्हाला ओतवेना. मग पिण्याच्या पाण्यात टाकतात तशी मूठभर तुळस, मंजिऱ्यांसकट, ग्रहण लागण्याआधी तुम्ही रेडिएटरमध्ये टाकलीत. बाररूममध्ये ग्रहणाची थट्टा करणारे तुम्ही. एरवी मी हसले असते. पण माझं कशातच लक्ष नव्हतं. सासरची माणसं बाहेर जाताना मला आत ठेवून दाराला बाहेरून कडी लावतात, हे मी आईला सांगितलं होतं आणि आईने ते तुमच्या कानावर घातलं होतं. त्यावर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. माझ्यामागे दोघी बहिणी लग्नाच्या होत्या.

पंढरपूर मागे पडलं आणि माळावर मोटार उकळली. तुम्ही कपाळावर हात मारलात. माझा मात्र जीव भांड्यात पडला. मी मागे बसले आहे, पडदे सोडलेले. उतरू नकोस, रस्त्याने माणसं जातात, असं तुम्ही बजावलं आहे. आत बैठक पोळते आहे, लुगडं पाठीला चिकटलं आहे. पडद्याच्या फटीतून तुम्ही दिसता. रबरी नळी सोडवून तुम्ही बोट घालता आणि काळी पडलेली, शिजलेली तुळस बाहेर ओढता. राहिलेलं पाणी मातीत जातं. जवळच्या वस्तीवरचा एक म्हातारा घागर घेऊन येतो. तुम्ही चूळ भरता आणि थुंकता.

"आमी ह्येच पितो की," म्हातारा म्हणतो. "मानसाला चालतंय, आन् गाडीला न्हाय व्हय?"

तुम्ही त्याला ओढ्यापलीकडच्या गोड्या विहिरीवर धाडलंत. ते पाणी आलं, तुम्ही ते चाखलंत, पसंत केलंत, आणि तरी घातलं नाहीत. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर ते तडकतं, थांबावं लागतं, असं त्याला समजावून सांगत बसलात. माझा असा संताप झाला, अप्पा. लोखंडाची एवढी काळजी. माझं स्थळ मात्र तुम्ही एका बैठकीत पक्कं केलं होतंत, त्या घरचं पाणीसुद्धा न पिता.

म्हातारा गेल्यावर मी पडद्याआडून म्हणाले, "अप्पा, मला परत न्या."

तुम्ही पाठमोरे होतात. रेडिएटरला हात लावून बघितलंत.

"इंजिन निवू दे," तुम्ही म्हणालात. "मग बघू."

त्या 'मग बघू'वर मी किती विश्वास ठेवला. तुम्ही हलक्या हाताने पाणी घातलंत, झाकण आवळलंत, हँडल मारलंत, येऊन बसलात. माझे डोळे तुमच्या हातांवर. रस्ता रुंद होता, मोटार सहज वळली असती. ती वळली नाही.

पुढे तुम्ही सणावाराला येत राहिलात, मला नेत राहिलात, आणून सोडत राहिलात. सासूबाई गेल्या, दाराची कडी बाहेरून लागायची थांबली, मुलं मोठी झाली. तो विषय तुम्हीही काढला नाहीत आणि मीही नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार आहे? घडी करून लुगड्यांत ठेवीन, नाहीतर चुलीत घालीन. एवढंच सांगायचं होतं. तुम्ही गेल्याची तार आली तेव्हा मी धाय मोकलून रडले आणि सगळे म्हणाले, बापावर केवढी माया. मी तुमच्यासाठी रडत नव्हते. आता मला परत न्यायला कुणी येणार नाही, म्हणून रडत होते. घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या, पदरात तीन मुलं होती, आणि तरीही मी तोवर वाट बघत होते, अप्पा.