कापसासारखी हलकी

मंगळवार, संध्याकाळ. बाळकुम

सराव करून आले आणि जिन्यातच चक्कर येऊन पडले. बाबांनी उचलून वर आणलं. पाठदुखीमुळे ते गॅसचा सिलिंडरसुद्धा उचलत नाहीत, आणि मला घेऊन दोन मजले चढले. एकदाही न थांबता.

टीमने नवी सायकल दिली तेव्हा घरी येईल त्याला बाबा ती एका हाताने उचलून दाखवायचे. "बघा, कापसासारखी!" कोच तेव्हाच म्हणालेले, "सायकल याहून हलकी होणार नाही. चढावर आता तुलाच हलकं व्हायचंय." मग मी भात सोडला. नंतर भाकरी. पाळी बंद झालीय, ते आईला अजून सांगितलेलं नाही. सांगू का? सांगितलं तर रेस बंद.

मला सोफ्यावर ठेवून बाबा स्वतःच्या हातांकडे बघत बसले. आईने विचारलं, "अहो, पाठ भरली का?"

"नाय गं. पोरीचं वजनच लागलं नाय." आणि रडायला लागले.

सायकल उचलताना किती हसायचे.

मी डोळे मिटून पडलेले. वजन लागलं नाही, हे ऐकून मला आनंद झाला.