पाणमांजर आणि माझं मौन

५ जानेवारी. सकाळी ७.
आजपासून रोज नदीकाठी फेरी. वजनाचा प्रश्न नाही, निसर्गाची हाक आहे. शेजारचे दंतवैद्य म्हणाले, नदीत पाणमांजर आहे, पण दिसणं मुश्कील. मी म्हटलं, तुम्हाला असेल! वर्ष संपायच्या आत पाहून दाखवतो. फिरायला येणाऱ्या सगळ्या मंडळींसमोर म्हटलं. आता माघार नाही.

८ जानेवारी.
बायको सोबत होती. फांदीवर खंड्या. हिला नीट कळावं म्हणून मी घोषणा केली. बस स्टँडवर माईकसमोर तीस वर्षं काढली आहेत, आवाज आपला सहज पलीकडच्या काठापर्यंत जातो. खंड्याही पलीकडच्या काठापर्यंत गेला. इथले पक्षी फारच लाजाळू.

११ जानेवारी.
थंडी. उद्यापासून नक्की.

२ फेब्रुवारी.
थंडी गेली, पण सवय मोडली. सोमवारपासून.

१९ मार्च.
बायको म्हणाली, गुडघे दुखतात, सकाळी तुम्ही एकटेच जा. बिचारी! संध्याकाळी मात्र भाजी आणायला चांगली तासभर जाते. परवा पिशवी रिकामीच होती. भाजी चांगली नव्हती म्हणे.

७ मे. सकाळी ६:१०.
पाहिलं!!! नदी आटून गुडघाभर झालीय, त्यातून बाहेर आलं. चिंब ओलं, तपकिरी, लांब शेपूट, तोंडात मासा. फोटो जरा हललाय, पण मिशा स्पष्ट. फिरणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर टाकला. एकवीस अंगठे आले. दंतवैद्य गप्प.

७ मे. दुपारी.
दंतवैद्य गप्प नाहीत. फोटो मोठा करून त्यांनी गळ्यातला पट्टा दाखवला. पट्ट्याला घुंगरू. धोबिणीचं मांजर निघालं. माझं म्हणणं एवढंच, की पाण्यातलं मांजर ते पाणमांजर. यात माझं काय चुकलं? ग्रुपवर सगळे आता मला माऊकाका म्हणतात. प्रेमानेच म्हणत असावेत.

१४ जुलै.
पूर. खिडकीतून निरीक्षण. एक ओंडका, एक बादली, एक चप्पल. वन्यजीव म्हणाल तर डास, तेही घरातलेच.

३ ऑक्टोबर.
बगळा पाच मिनिटं जागचा हलला नाही. त्याच्या संयमाचं मी तोंडभरून कौतुक केलं. मग हलला.

२१ नोव्हेंबर.
हद्द झाली! जेवताना सहज म्हटलं, नदीत पाणमांजर-बिणमांजर काही नाही, दंतवैद्याने शुद्ध थाप मारली. बायको वाढता वाढता म्हणाली, आहे की. दोन पिल्लंही आहेत. वळणावरच्या खडकावर संध्याकाळी पावणेसहाला येतात. सप्टेंबरपासून बघतेय.
म्हणजे भाजी नाही, गुडघे नाहीत, काही नाही! मला का नाही सांगितलं, विचारलं. तर म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही आला असता.
वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. घास उतरेना. भात दुसऱ्यांदा घेतला, पण चव नव्हती.

२२ नोव्हेंबर.
मला ने म्हणून विनवलं. पाणमांजर राहिलं बाजूला, मला हिच्याबरोबर जायचंय. तसं सांगितलंही. विरघळली थोडी. अट एकच, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. खाकरणंसुद्धा नाही. कबूल. मनात आणलं तर मी काय करू शकत नाही?

२९ नोव्हेंबर.
मौनाचा सराव. सकाळी ९ ते ९:०४. प्रगती उत्तम.

६ डिसेंबर. संध्याकाळी ५:३०.
काठावर बसूनच लिहितोय. बोलावंसं वाटलं की लिहायचं, हा तोडगा माझाच. तोंड बंद, पेन चालू.

५:३८.
आठ मिनिटं झाली. अवाक्षर नाही. बायकोने चक्क कौतुकाने पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच असावं.

५:४४.
हिने कोपराने ढोसलं. मी थांब म्हणून खुणावलं. माणसाने निसर्गात स्वतःला कसं विसरून जावं, यावर फार छान सुचतंय.

५:४६.
पुन्हा कोपर. हिला दम म्हणून नाहीच.

५:४९.
वाक्य पूर्ण केलं. मान वर केली. खडक ओला आहे. बायको पदराने डोळे पुसतेय, हसून हसून तिला बोलता येईना. मग म्हणाली, तिघंही आली होती. दहा पावलांवर. मासा खाल्ला, पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळली, सगळं झालं. मोठं तर बराच वेळ तुमच्याकडेच बघत बसलं होतं.