बागेतला निळा बोर्ड

वेस्ट ब्रिजफर्ड, नॉटिंगहॅम
बुधवार, १४ मे २०२५

प्रिय आशा,

नमस्कार. आम्ही ठीक आहोत. तूही क्रॉयडनला लेकाकडे, क्षितिजकडे ठीक असशील असं धरून चालते, कारण माझ्या मेसेजना निळ्या टिक्स येतात आणि उत्तर येत नाही. म्हणजे वाचण्याइतकी तब्येत चांगली आहे. म्हणून हे हाताने लिहितेय. कागद ब्लॉक करता येत नाही. फॉरवर्डही करता येत नाही, आणि आपल्या मंडळाच्या ग्रुपवरून कोण काय कुठे पोचवतं याबद्दल माझी मतं तुला माहीत आहेतच.

आधी फुटबॉल. तू हाफटाइमला उठून गेलीस ती मॅच आपण अगदी शेवटच्या क्षणी हरलो. रेफरीवर माझा संशय आहे. मागच्या रांगेतला टेरी म्हणाला, "अनू, लव्ह, आपणच वाईट खेळलो." टेरीवरही माझा संशय आहे. त्याचा जावई आपल्या हाडवैरी डर्बीचा आहे, आणि डर्बीच्या माणसाला मुलगी देणाऱ्याने आपल्या फॉरेस्ट क्लबबद्दल मत देऊ नये. तुझ्या सीटवर मी माझी बॅग ठेवते. एका पोराने विचारलं, इथे कोणी बसतं का? मी म्हटलं, हो, टॉयलेटला गेलीय. नव्वद मिनिटं टॉयलेटला.

आता राजकारण. एक तारखेला कौंटीच्या निवडणुकीत मत दिलं. हो, लेबरलाच. हिवाळ्यात घर गरम ठेवायला म्हाताऱ्यांना मिळणारे विंटर फ्युएलचे पैसे त्यांनी काढून घेतले तेव्हा मी आठवडाभर बातम्या बंद ठेवल्या होत्या, तरी दिलं, दातओठ खात. पत्रकावर तो नेहमीचा बारचार्ट होता, 'इथे फक्त आम्हीच जिंकू शकतो' वाला. तीस वर्षं ब्लड लॅबमध्ये काढली आहेत मी. असला ग्राफ कोणी रिपोर्टमध्ये लावला असता तर त्याची नोकरी गेली असती. तुमच्या टोरी लोकांचाही तसलाच होता. कुठल्याही क्लबने मॅनेजर बदलले नसतील इतके तुम्ही पंतप्रधान बदललेत, आणि वर आम्हाला स्थैर्य शिकवता. असो. आपण दोघी लाल-निळ्यावरून भांडलो आणि कौंटीत बाजी तिसऱ्यानेच मारली. दोन मांजरांचं लोणी माकडाने खाल्लं.

हे सगळं लिहायला मी बसले नव्हते, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तू मला ओळखतेस.

एकोणीस वर्षं आपण मॅचला शेजारी शेजारी बसलो. तू टोरी, मी लेबर, आणि नियम एकच: स्टेडियमच्या टर्नस्टाइलच्या आत राजकारण आणायचं नाही. तो नियम मी मोडला. पुण्याहून वेदच्या लग्नाहून परत आले, टॅक्सीतून उतरले, तर माझ्या बागेत, माझ्या गुलाबांच्या मधोमध, टोरींचा प्रचाराचा निळा बोर्ड! शेजारपाजारचे काय म्हणाले असतील! घरातच असलेल्या नवऱ्याला, शशीला, विचारलं तर त्याने खांदे उडवले. "मला काय माहीत? आशा येत होती रोज." झालं. मला एवढं पुरलं. तुझा क्षितिज त्या पक्षाच्या सभांना जातो, तुझ्याकडे आमची किल्ली, आणि मी तीन आठवडे नाही. मी बोर्ड उपटलासुद्धा नाही. पुरावा म्हणून ठेवला.

त्या शनिवारी हाफटाइमला तू थालीपीठाची फॉइल उघडत होतीस. मी काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, आणि तुलाही आठवत असणार. "माझ्या माघारी माझं दार विकलंस. मुलाला खूश करायला." मराठीत बोलले, पण सूर कळायला टेरीला मराठी यावं लागत नाही. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "मी होते तिथे." एवढंच. मी म्हटलं, कबूल केलंस ना! तू फॉइल परत बंद केलीस, माझ्या मांडीवर ठेवलीस आणि पायऱ्या उतरून गेलीस. थालीपीठ अजून गरम होतं. मी खाल्लं नाही, घरी आणलं, आणि शशीने खाल्लं.

शशीबद्दल लिहायचं आहे.

गेल्या दिवाळीपासून घरात गोष्टी हलत होत्या. चष्मा तांदळाच्या डब्यात. टीव्हीचा रिमोट फ्रीजमध्ये. मी म्हटलं, साफसफाईला येणाऱ्या ग्लोरियाचं लक्ष नाही. तिला काढून टाकलं. आशा, अकरा वर्षं येत होती ती. मग सोमवारी सकाळी शशी टाय लावून गाडीपाशी उभा राहायला लागला. मी म्हटलं, रिटायर झालेल्या जीपीला दवाखान्याची सवय सुटत नाही, त्यात काय. लग्नाला आला नाही, तर म्हटलं गुडघे. तिकीट काढायच्या आधी त्याने मला तीनदा विचारलं होतं, कोण वेद? आमच्या पुतण्याचं नाव. मी त्याच्यावर चिडले. बघ, मी रेफरीवर संशय घेते, पक्षांवर घेते, ग्लोरियावर घेतला, तुझ्यावर घेतला. एका माणसावर सोडून सगळ्यांवर घेतला.

शनिवारी बेल वाजली. दारात एक मुलगी, पंचविशीची, हातात स्क्रूड्रायव्हर. निवडणूक झाली म्हणून बोर्ड परत न्यायला आली होती. नाव अन्वी, आईवडील ठाण्याचे, स्वतः जन्मली लेस्टरला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शशी माझ्या मागून आला आणि मराठी ऐकून त्याचा चेहरा फुलला. "ये ये, आत ये. तू कोणाची?"

ती पोरगी हसली. "काका, तुम्ही मला परत विचारला! एव्हरी टाइम तुम्ही हेच विचारता."

मी तिला बागेत नेलं आणि बोलतं केलं. माझा आवाज चढलेला असणार, कारण ती बिचारी घाबरून भराभर सांगायला लागली. "आंटी, आय स्वेअर, मी फोर्स नाही केली. काका खूप स्वीट आहे. मराठी बोलली म्हणून आत बोलावला, चहा दिला, चिवडा दिला. मी म्हटली, तुमचा सपोर्ट आहे का, तर हो हो म्हणाला. बोर्ड लावू का, तर हो हो, जरूर. फॉर्म साइन केला. नेक्स्ट डे मी बोर्ड घेऊन आली, तर परत विचारला, तू कोणाची? मला वाटला जोक आहे. परत चहा."

आपल्या घरात दारात आलेल्या मराठी मुलीला नाही कोण म्हणतं? कोणाची तरी लेक आली, चहा पाजायचा, हो हो म्हणायचं. निरोगी शशीनेही तेच केलं असतं, आणि ती गेल्यावर मला पुण्याला फोन करून पोट धरून हसला असता. ह्या शशीला ती गेल्यावर काही आठवलंच नाही.

मग ती म्हणाली, "दुसरी आंटी होती. ती म्हणाली, वाइफला येऊ दे, मग लाव. काका अँग्री झाला. म्हणाला, हे माझा घर आहे. मग आंटी माझ्यासोबत गेटपर्यंत आली. तिला रडू येत होती. म्हणाली, त्याच्या बायकोला तू काही सांगू नको. मी सांगेन, नीट बसून, शांतपणे."

आशा, तू मला नीट बसून सांगणार होतीस. आणि मी तुला बसूच दिलं नाही.

"मी होते तिथे." त्या तीस हजार माणसांसमोर तू आणखी एक वाक्य बोलली असतीस तर सुटली असतीस. त्याची अब्रू राखलीस आणि माझ्या शिव्या घेऊन गेलीस. मला लाज वाटते. हे असं सरळ लिहिणं मला जमत नाही, पण वाटते.

परवाच्या रविवारी मी मॅचला गेले नाही. त्याला एकट्याला सोडून निघायला मन धजेना. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या दोन्ही सीट रिकाम्या राहिल्या. टीव्हीवर कॅमेरा आपल्या बाजूला फिरला तेव्हा मी मान वळवली.

आता शेवटचं, आणि हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. पुढच्या गुरुवारी, बावीस तारखेला, मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट आहे. ते काय काय विचारतात हे मला ठाऊक आहे, कारण शशीने स्वतः हे प्रश्न शेकडो म्हाताऱ्यांना विचारले आहेत. वार कोणता, महिना कोणता, पंतप्रधान कोण. तो मला हसत हसत सांगायचा की अनू, हल्ली पेशंट चुकला तर मी मार्क कापत नाही, मलाच खात्री नसते.

गेले चार दिवस रोज सकाळी चहाबरोबर मी त्याच्याकडून उत्तरं पाठ करून घेतेय. वार, महिना, पंतप्रधान. काल पंतप्रधान बरोबर आला आणि मी टाळ्या वाजवल्या. तोही खूश झाला. दहा मिनिटांनी त्याने विचारलं, आपण टाळ्या कशाला वाजवल्या?

सगळ्या जगाला चोर म्हणणारी मी, स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून मॅच फिक्स करतेय. क्लिनिकमध्येही मी गप्प बसणार नाही. तो अडखळला की माझ्या तोंडून उत्तर निघेल, मला माहीत आहे. मग ते म्हणतील सगळं छान आहे, आणि आम्ही घरी येऊ, आणि त्याला औषध मिळणार नाही, मदत मिळणार नाही, आणि तो परत सोमवारी टाय लावून गाडीपाशी उभा राहील. एखाद्या सोमवारी गाडीची किल्ली त्याच्या हाताला लागेल.

मला गप्प करणारी माणसं जगात दोनच. एकाला आता आठवत नाही की मी बोलले काय. दुसरी तू.

बुधवारी ये. क्षितिजला म्हणावं सेंट पँक्रसला सोड, नॉटिंगहॅम स्टेशनवर मी शशीला घेऊन तुला घ्यायला येते. गुरुवारी आपण तिघं जाऊ. तू माझ्या शेजारी बस, आणि मी तोंड उघडलं की माझा हात दाब, पेनल्टीच्या वेळी दाबतेस तसा. पंचवीस तारखेला मोसमाची शेवटची मॅच आहे. तिकडे तू एकटी गेलीस तरी चालेल, मी घरी थांबेन. थालीपीठ मी करून देईन.

बोर्ड अन्वी घेऊन गेली. जाताना शशीने तिला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाला, "आईला सांग, एकदा घरी या." गुलाबांच्या मधे खळगा राहिलाय. त्यात काय लावायचं ते तू आलीस की ठरवू. निळं लावायचं म्हणालीस तरी मी हूं की चूं करणार नाही.

पंतप्रधान कोण, हे आज सकाळी मी त्याला विचारलं नाही. त्याने मात्र विचारलं, "आशा कधी येणार?" उत्तर मला माहीत नव्हतं.

जिने तुझ्यावर संशय घेतला, कारण खरं होतं तिकडे बघायचं धाडस नव्हतं, ती तुझी
अनू