अठरा ग्रॅम

२ एप्रिल
आजपासून सामान कमी करणे. सायकलवाला म्हणाला, परदेशात नऊशे किलोमीटर जायचं तर माणशी आठ किलोच्या वर नको, चढावर जीव जाईल. जीव जाईल हे तो हसत म्हणाला. मला आवडलं नाही.
पण तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढली. पार्सलं, रजिस्टर, नूतनीकरणाला आलेले लोकांचे पासपोर्ट, सगळं या हातांनी तोललंय. वजनाबद्दल मला कोणी शिकवू नये. स्वयंपाकघरातला काटा घेतला. माझी बॅग साडेचौदा किलो. बायकोची सात. तिला अजून गांभीर्य नाही.

५ एप्रिल
ट्रिपची कल्पना माझीच. निरोप समारंभात भाषणाच्या भरात बोलून गेलो की आता आम्ही दोघं सायकलवरून जग बघणार. ऑफिसवाले विसरले. बायको विसरली नाही. दोन वर्षं रोज पहाटे सायकल चालवतेय. मी थिअरीवर भर दिला.
आज घाटातल्या उतारांचे व्हिडिओ बघितले. एकात माणूस कठड्यावरून खाली गेला. छातीत धडधड. चहा बंद करणे.
बॅगेत भर: जादा हेल्मेट, कुत्र्यांसाठी शिट्टी, बीपीचं मशीन, मृत्युपत्राची लॅमिनेट केलेली प्रत. सतरा किलो.

९ एप्रिल, सकाळी ६
सामानासकट पहिला सराव. मागून ट्रकने हॉर्न दिला. मी उतरलो. घाबरून नाही, सौजन्य म्हणून. तशीच सायकल ढकलत घरी आणली. बायकोला ब्रेक खराब असल्याचं सांगितलं. तिने दोन्ही ब्रेक दाबून पाहिले आणि आत गेली.

१२ एप्रिल
निष्कर्ष: मला भीती वाटत नाही, वजन वाटतं. वजन गेलं की धडधड जाईल.
तंबू, स्टोव्ह, पंप बायकोच्या बॅगेत सरकवले. टूथब्रशची दांडी कापली. कंगवा अर्धा केला. बनियनची लेबलं काढली. टॉवेल मधोमध कापला. तो नेमका बायकोचा निघाला. तेव्हापासून तिची बॅग आणि कागदपत्रं कपाटात, किल्ली तिच्याकडे.
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, भीती वाटत असेल तर आईला सरळ सांगून टाका, ती समजून घेईल. हल्लीची मुलं काहीही बोलतात. फोन ठेवल्यावर बराच वेळ बाथरूममध्ये बसून होतो.

१७ एप्रिल
आठ किलो अठरा ग्रॅम. काटा हटायला तयार नाही. जादा हेल्मेट काढलं. परत ठेवलं. मृत्युपत्र काढायची हिंमत होईना.
पाच दिवस राहिले. जेवण जात नाही.

१८ एप्रिल, दुपारी ३
सापडलं. पासपोर्ट. छत्तीस पानं आणि त्यातली जवळजवळ सगळी कोरी. कोरी पानं परदेशात फिरवून आणायची कशाला? फोटोचं पान ठेवलं, व्हिसाचं ठेवलं, बाकीची ब्लेडने अलगद काढली.
बरोबर आठ किलो. कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो.

२२ एप्रिल, विमानतळ
काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट उलटा धरला, सुलटा धरला, मग साहेबांना बोलावलं. मी त्यांना अठरा ग्रॅमचं गणित समजावलं. साहेब म्हणाले, काका, हा आता पासपोर्ट राहिलेला नाही.
बायकोला म्हटलं, तूही थांब, पुढच्या वर्षी जाऊ. ती म्हणाली, तुमचं पुढचं वर्ष मी दोन वर्षं बघतेय. माझ्या बॅगेतून तिने एकच वस्तू घेतली, कुत्र्यांची शिट्टी. आणि आत गेली.
मला फार वाईट वाटलं. टॅक्सीत लगेच डोळा लागला.

२४ एप्रिल
बायकोचा फोन. पहिला घाट चढली. तंबू एकटीने ठोकला. कुत्री आली होती, शिट्टी कामी आली.
मग विचारलं, पानं चुकून कापलीत ना? म्हटलं, अर्थात, मला पासपोर्टातलं काय कळतंय. ती म्हणाली, जुन्या पासपोर्टचं एक पान दुमडलेलं असलं तरी तुम्ही लोकांना काउंटरवरून परत पाठवायचात.
मग म्हणाली, भीती वाटते एवढंच म्हणाला असतात तर नऊशे किलोमीटर तुमच्या शेजारून सावकाश सायकल चालवली असती.
रेंज गेली असं सांगून फोन ठेवला.
चहा बंद आहे. वजन काही उरलेलं नाही. तरी धडधड सुरूच. उद्या तिला दुसरा घाट उतरायचाय, आणि जादा हेल्मेट इथे माझ्याकडे आहे.
मला भीती वाटते.