पिंपळपानाची खिडकी

१८ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी दाराशी दोघं. गायकवाडकाका, भाटघरच्या बाजूच्या वाडीतले, आणि त्यांची सून सुजाता. वाडीत नवा विहार बांधलाय. पूर्वेच्या भिंतीत गोल जागा सोडलीय, दोन हात रुंद. तिथे रंगीत काच हवी.
काका म्हणाले, "मूर्ती नको बरं का ताई. मूर्ती आत हायेच. पिंपळाचं पान करा. सकाळचं ऊन त्यातनं आत आलं पायजे."
बुद्धपौर्णिमेच्या आत. हो म्हटलं.
ते गेल्यावर लक्षात आलं, शुक्रवारनंतर आज पहिल्यांदा कुणाशी बोलले. आवाज घोगरा निघत होता. काकांना वाटलं असेल सर्दी झालीय.

२१ फेब्रु.
चित्र झालं. एकच मोठं पान, निमुळतं टोक जरा डावीकडे वळलेलं. मागे फिकट पिवळा, कडेला मातकट तांबडा. पानाला ती जुनी हिरवी काच, आत बारीक बुडबुडे असलेली. पुण्याच्या दुकानात आता मिळत नाही. शेल्फावर आडवी ठेवलेली, तीन वर्षं हात लावला नव्हता. धूळ पुसली तर अजून तशीच.
कागद भिंतीला लावून लांबून पाहिला. चांगलं झालंय असं मोठ्याने म्हणाले. खोलीत कुणी नाही.

२६ फेब्रु.
पिवळा सगळा कापून झाला. सरळ रेषा, बाहेरचे वळसे, जमतं. पानाचं टोक नाही जमत. तिथे काच दोन्हीकडून आत वळते. आतला वळसा. कटर फिरवला, पकडीने हळूच दाबलं, टक्. भलतीकडेच गेली. चार साध्या काचा मोडल्या सरावात. हिरवीला अजून हात नाही.
आतले वळसे रेखा करायची. अकरा वर्षं आम्ही बरोबर काम केलं, ते मी कधी केलेच नाहीत, गरजच पडली नाही. ती मागच्या आळीतून दहाला यायची, चप्पल काढायच्या आधी कटर तेलात बुडवायची.

५ मार्च
वाडीला गेले, माप पक्कं करायला. भोरहून एसटीने भाटघर, तिथून चालत. धरणाचं पाणी बरंच खाली गेलंय, काठाची माती उघडी पडलीय. विहार छोटा, स्वच्छ, चुन्याचा वास अजून. सुजाताने जेवायला थांबवून घेतलं. बाजरीची भाकरी, वांगं. चार बायका बसल्या होत्या, हसत होत्या, मलाही त्यात ओढलं.
सुजाता: "तुमी एकट्याच करता व्हय एवढं समदं?"
हो म्हटलं. भाकरी मोडत राहिले.

१४ मार्च. धुळवड
दाराला आतून कडी. गल्लीत आरडाओरडा.
लिहूनच टाकते एकदा. तीन वर्षं झाली. कोथरूडचं ते गिऱ्हाईक घरी आलेलं, देवघराची काच बघायला. बाईंनी विचारलं, "आर्टिस्ट कोण तुमच्यात?" मी म्हटलं, "मी. ही कापून देते." अगदी सहज. रेखा मागेच उभी होती, हातात तीच काच. तिने ती टेबलावर ठेवली, कागद खाली घालून, नीट. त्यांना चहा दिला. कपही विसळले.
दुसऱ्या दिवशी दहा वाजले, साडेदहा, अकरा. आली नाही.
मी तरी जायचं ना मागच्या आळीत. पन्नास पावलं. वाटलं येईल आपणहून. पुढे तिने खोली सोडली, कात्रजला मुलीकडे गेली. हे मला दूधवाल्याकडून कळलं.
तिची माफी मागायची राहिली असं म्हणता येत नाही. तेव्हा मला चूक वाटलीच नव्हती.

२९ मार्च
हिरवी कापली. टोकाचा वळसा तिसऱ्या खेपेला निघाला, पण कड वेडीवाकडी. ग्राइंडरवर तासभर घासून आणला मापात. शिशाच्या पट्टीत बसला. दिसत नाही. मला दिसतं.

६ एप्रिल, रविवार
खिडकी बसली. टेम्पोत मांडीवर धरून नेली, ड्रायव्हर प्रत्येक खड्ड्याला "सॉरी मॅडम" म्हणत होता. गवंड्याने छान भरली. सगळी वाडी जमलेली. दुपार होती त्यामुळे ऊन काही आलं नाही आत, तरी टाळ्या.
घरी आले. टेबल रिकामं. काय करावं कळेना, स्वच्छ टेबल परत पुसलं.

१९ एप्रिल
सुजाताचा फोन. "ताई, रागावू नका, पर पानाला चीर पडलीया. कुणीबी हात लावला न्हाई, शपथ."
लगेच गेले. वळशापासून थेट कडेपर्यंत, केसासारखी. कुणी दगड मारलेला नाही. जोर देऊन मोडलेली, घासून बसवलेली कड. ऊन तापलं आणि उकलली. चूक माझीच.
काका बराच वेळ मान वर करून बघत होते. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई. झाडावरचं पान बी चिरतं की."
नाही म्हटलं. मी देते नवीन.
येताना गाडीत उभी होते, जागा असून.

२२ एप्रिल
हिरवीतला एक तुकडा फुकट गेला. आता एकच उरलाय पानाच्या आकाराएवढा. हाताला तो वळसा माहीतच नाही.
दुसरी काच घालावी? काकांना कळणारही नाही. पण ते बुडबुडे, त्यातून ऊन येतं तेव्हा...

२४ एप्रिल
फोन केला. नंबर बदललेला नाही.
"मी मंगल."
"कळलं."
मागे कुकरची शिट्टी. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "एक आतला वळसा आहे. मला जमत नाही."
तिकडे गॅस बंद केल्याचा खटका. मग, "काच कुठली?"
"ती हिरवी. बुडबुड्यांची."
"आहे अजून?"
"एक तुकडा."
"साचा पाठव. कागद जाड घे. तुझे साचे सरकतात."
ठेवला फोन. कशी आहेस नाही, काही नाही. मी पण कुठे विचारलं.

२६ एप्रिल
काच आणि साचा. दोन उशांमध्ये, वर गोधडी, वर खोका. एसटीच्या पार्सलला दिलं. शेवटचा तुकडा. गाडी वळून दिसेनाशी होईस्तोवर स्टँडवर उभी. चिठ्ठी घालायला लिहिली होती, दीड पान. घरीच राहिली. मुद्दाम की विसरून, मलाच सांगता येणार नाही.

२ मे
खोका परत आला. गोधडी माझीच, घडी तिची. पान पूर्ण, अखंड. कड अशी की बोट फिरवत राहावं. ग्राइंडर लावावा लागला नाही. खोका उलटा करून झटकला. चिठ्ठी नाही.
पोचलं, असा मेसेज केला. मग खाली लिहिलं, १२ तारखेला भाटघरजवळच्या वाडीतल्या विहारात कार्यक्रम आहे, ये. निळ्या खुणा आल्या, एवढंच.

४ मे
शिशाच्या पट्ट्या उलगडून जुनं पान काढलं, नवीन बसवलं. शिडी सुजाताने धरली. तिला सांगितलं, हे मी नाही कापलं. कुणी कापलं विचारलं तिने. "रेखाने." एवढंच. नाव तोंडातून काढायला बरं वाटलं.

१२ मे, बुद्धपौर्णिमा
सकाळी वंदना. नऊच्या सुमाराला ऊन खिडकीवर आलं आणि फरशीवर पान उतरलं. बायकांनी आपापली लहान मुलं त्या उजेडात बसवली. एक तान्हं बाळ अख्खं हिरवं.
काकांनी माइकवर बोलावलं. "आपल्या कलाकार ताई." मी कधी बोललेले नाही माइकवर. म्हटलं, ही खिडकी दोघींची आहे. रंग माझे. पान रेखाचं आहे, तिच्याशिवाय ही झाली नसती. आम्ही दोघी कलाकार. मग काहीतरी अडखळले, जयभीम म्हणून खाली बसले.
सबंध वेळ दाराकडे लक्ष होतं. कुणी उशिरा आलं की वाटायचं, तीच. आली नाही.
तिला हे कोण सांगणार? मी सांगितलं तर ते वेगळंच होईल.

१९ मे, सोमवार
सुजाताचा फोन. आधी इकडचं तिकडचं. मग, "ताई, काल एक बाई आलत्या. एकट्याच. उंच, चष्मा, केस बारीक केलेले. आत बसल्या. ऊन कवा पडतं इचारलं. नऊला म्हणलं. तवर थांबल्या. मग काठावरनं हात फिरवून बघितला पानावर, उजेडावर म्हंजे, फरशीवर. म्या म्हणलं च्या घ्या. न्हाई म्हणल्या."
"मग?"
"म्हणलं भोरला जाणार का, ताई असत्यात घरी. तर म्हणल्या, न्हाई, स्वारगेटची गाडी धरायचीया."
भाटघरपर्यंत आली. पुढे भोर किती ते.
काकांनी माझं माइकवरचं सांगितलं का तिला, विचारलं. सुजाताला आठवेना. काका गावाला गेलेत.
सुजाता फोन ठेवता ठेवता: "परत येते म्हणल्या. येत्या रविवारी."

२४ मे, शनिवार
उद्या रविवार.
दिवसभर एकच. जावं तर मी तिथे आधीच बसलेली दिसेन, जाळं लावल्यासारखी. मी नसते म्हणून ती तिथे येत असेल तर? तिचं तिला तेवढं तरी राहू द्यावं. न जावं तर पुन्हा तेच, पन्नास पावलं न चालण्यातलं.
साडी काढली. ठेवली. परत काढली.
संध्याकाळी सुजाताला फोन केला. म्हटलं, उद्या त्या बाई आल्या तर. पुढे काय सांगायचं ते सुचेना.
ती म्हणाली, "थांबवून घिऊ का?"
"नको. थांबवू नकोस."
"बरं."
"चहाला विचार फक्त. नाही म्हणाली तरी परत विचार. साखर घालू नकोस, ती बिनसाखरेचा घेते."
सुजाता म्हणाली, "आन तुमचा?"
फोन ठेवून एसटीचं वेळापत्रक काढलं.
भाटघरची पहिली गाडी पावणेआठला आहे.