अर्डिसताईंचा उमेदवार

लिटलटन, न्यू हॅम्पशायर
७ डिसेंबर

ती. अर्डिसताईस,
धाकट्या मर्लचा सा. न. वि. वि.

रविवारचा वादविवाद पाहिलास ना? एकाच पक्षाची तीन माणसं, राष्ट्राध्यक्षपदाच्या एकाच तिकिटावर डोळा ठेवून, टीव्हीवर दीड तास भांडली. पहिला कौल तुमच्या आयोवाचा, मग आमचा. म्हणून थंडी पडली की बाकीचे पक्षी दक्षिणेला जातात आणि हे आपल्याकडे येतात.

कोलेटनं वाटाण्याचं सूप केलं होतं. सिनेटर थॉर्नडाइक बोलायला लागला तेव्हा तिनं वाढायला घेतलं. आमचा दुसरा वाडगा संपला तरी तो अजून आजोबांच्या गोठ्यातच होता. मागच्या आठवड्यात हा गृहस्थ कॅमेरेवाले घेऊन माझ्या दुकानात केस कापायला आला होता. केसांवर इतका फवारा मारलेला, की माझी कात्री चालेना. महापौर मार्केटीबाई मात्र कोलेटला फार आवडल्या. सूत्रसंचालकानं मध्येच तोडलं, तर म्हणाल्या, पाच भावांत वाढलेय मी, तुम्ही सहावे, जरा थांबा.

खरी मजा काँग्रेसमन डिलची. खेड्यापाड्यांतली पोस्टं बंद करून टाकू, असं तो हसत हसत म्हणाला, तेव्हा मी कोलेटला म्हटलं, आयोवात आत्ता एक टीव्ही फुटला असणार! जन्मभर पोस्टाच्या खिडकीमागे बसलेली माझी बहीण हे ऐकून घेईल होय? शिव्या सविस्तर कळव. परवा दोनदा फोन केला, उचलला नाहीस.

तुझ्या लोभावर जन्मापासून हक्क असलेला,
मर्ल


डेकोरा, आयोवा
७ डिसेंबर

चि. मर्ल यास अ. उ. आ.

तुझं पत्र येण्याआधीच हे टाकते, म्हणजे मी माझी मतं तुझ्याकडून चोरली असं म्हणायला तुला जागा नको.

मला डिल आवडला. दुसरं कुणी बोलत असताना तो घड्याळाकडे बघत नाही. हात टेबलावर शांत ठेवतो, तुझ्यासारखे हवेत फिरवत नाही. थॉर्नडाइकचा जबडा थांबतच नाही. तुझा मेहुणा गॉर्डन असता तर म्हणाला असता, याला गवत घाला. मार्केटीबाईंची कॉलर एका बाजूनं वर आली होती आणि साऱ्या जगानं ती पाहिली. एकदा मात्र सगळं सभागृह त्यांच्याकडे बघून हसलं. बिचाऱ्या काहीतरी चुकल्या असतील.

फेब्रुवारीत शाळेच्या जेवणघरात पक्षाची कौल देण्याची बैठक भरेल, तेव्हा मी डिलच्या कोपऱ्यात उभी राहणार. आमच्याकडे चिठ्ठ्या नाहीत, ज्याच्या कोपऱ्यात उभं राहाल त्याला मत. चर्चमधल्या बायकांनाही सांगून ठेवलंय. बैठकीची अध्यक्ष यंदाही मीच. व्हर्नन सॅदर माझ्या खुर्चीकडे मांजरासारखा बघतोय, बघू दे.

रविवारी फोन केला असलास, तर मी तळघरात बरण्या लावत होते.

कोलेटला सांग, नवऱ्याला आवर. तुझ्यावर माया करावी लागते, इलाज नाही.
अर्डिस


लिटलटन
१४ डिसेंबर

ती. अर्डिसताईस सा. न. वि. वि.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं वाचून तुझा चहा सांडला असेल. ज्याच्यासाठी तू चर्चमधल्या बायका गोळा करते आहेस, तोच तुझी खिडकी बंद करायला निघालाय! मी दुकानात तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. गिऱ्हाइकाला इतकं हसू आलं, की त्याचा कान थोडक्यात वाचला.

कोलेट हसली नाही. तिनं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, यात हात आहेत, जबडा आहे, कॉलर आहे. पण कुणाचं एक वाक्य आहे का बघ. मार्केटीबाईंच्या विनोदावर लोक हसले, आणि ताईंना वाटलं बाई चुकल्या. मर्ल, त्यांना ऐकू येत नाही.

मी म्हटलं, काहीतरीच. मग थँक्सगिव्हिंगचं जेवण आठवलं. मी मीठ मागितलं, आणि तू म्हणालीस, हो, तो ओमाहालाच असतो हल्ली. मला वाटलं, माझी चेष्टा करते आहेस. आणि ताई, इतक्या बरण्या आहेत तरी कुठे? दर रविवारी तू तळघरात!

कधीपासून हे? जोलीनला मी काही कळवणार नाही. तुझी मुलगी आहे, तूच सांग. पण मला तरी खरं सांग.

रागावलीस तरी लिही. लोभ नंतर करता येईल.
मर्ल


डेकोरा
२० डिसेंबर

मर्ल,

आशीर्वाद देण्याच्या मनःस्थितीत नाही. तुझ्या बायकोनं पोस्टात नोकरी करायला हवी होती; बंद पाकिटातलंही तिला कळतं.

तीन वर्षं झाली असतील. गॉर्डन होता तोवर भागलं. कुणी काही बोललं की तो तेच पुन्हा, जरा मोठ्यानं, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणायचा. ते माझ्यासाठी होतं, हे मला तो गेल्यावर समजलं. आता मी मान हलवते. मान हलवून माणूस किती लांब जाऊ शकतो, याची तुला कल्पना नाही. गेल्या महिन्यात मी असंच हो म्हटलं आणि कुणाच्या तरी मांजराची पिल्लं घरी आली. दोन.

पण बैठकीत मान हलवून चालणार नाही. तिथे लोक प्रश्न विचारतात, हरकती घेतात. बहिरी म्हातारी म्हणून मला हळूच बाजूला बसवतील आणि व्हर्नन खुर्चीत बसेल. वीस वर्षं ती बैठक मी चालवलीय. गॉर्डनही गेला, पोस्टही सुटलं. आता एवढंच राहिलंय रे. ते कसं सोडू?

जानेवारीत पुन्हा वादविवाद आहे. कोण काय बोललं ते मला लिहून पाठव. आपल्या पदरचं घालू नकोस.

अर्डिस
(आशीर्वाद आहेत. राग मावळला की पोचतील.)


लिटलटन
१८ जानेवारी

ती. अर्डिसताईस सा. न. वि. वि.

सोबत चौदा पानं आहेत. आम्ही दोघं दोन वह्या घेऊन बसलो. डिलचं कोलेटनं लिहिलंय, कारण माझ्या हातून त्याला शिंगं फुटली असती. थॉर्नडाइकच्या वाट्याला अर्धंच पान आलंय. आम्ही काही गाळलेलं नाही, बोलून झाल्यावर तेवढंच उरलं. डिल पोस्टांबद्दल पुन्हा तेच म्हणाला. मार्केटीबाई म्हणाल्या, की ज्या गावात म्हातारी माणसं रोज पोस्टात येतात, तिथे एखादी दोन दिवस आली नाही की पोस्टवालीच आधी दार ठोठावते. हे वाचताना तुला कोण आठवेल ते मला ठाऊक आहे.

खुर्चीचं मी काय सांगू? दुकानात मला एक माहीत आहे. टक्कल झाकायला केस आडवे वळवून येणाऱ्याला वाटतं, कुणाला दिसत नाही. आणि सगळ्यांना तेच आधी दिसतं.

कोलेटचा नमस्कार. तिच्यावर राग धरू नकोस, माझ्यावर धर. मला सवय आहे.
मर्ल


डेकोरा
१० फेब्रुवारी

चि. मर्ल व सौ. कोलेट यांस अ. उ. आ. (मागची बाकी धरून.)

बैठक झाली. जेवणघर गच्च भरलं होतं. मी खुर्चीवर बसले नाही, उभीच राहिले. म्हटलं, सुरू करण्याआधी एक गोष्ट. मला नीट ऐकू येत नाही. ज्याला बोलायचंय त्यानं पुढे, माझ्या उजव्या हाताला यावं. आणि दुसरा अध्यक्ष हवा असेल तर आत्ताच सांगा.

कुणी काही बोलतंय की सगळे गप्प आहेत, तेही मला समजेना. मग व्हर्नन सॅदर उठला. मी मनाशी म्हटलं, झालं! तो पुढे आला, उजवीकडेच, आणि असा ओरडला की खिडक्या वाजल्या. म्हणाला, अर्डिस, गावाला दोन हिवाळ्यांपासून माहीत आहे, म्हणून तर आम्ही सगळे तुझ्याशी ओरडून बोलतो!

आणि मी समजत होते, राजकारणानं ही माणसं तिरसट झालीत.

मग बैठक मीच चालवली. हरकत घेणारे एकेक करून पुढे यायचे. चार पावलं चालायला लागली की निम्म्या हरकती वाटेतच गळतात. मी चर्चच्या बायकांना तुमची पानं वाचून दाखवली आणि आम्ही डिलचा कोपरा सोडून मार्केटीबाईंच्या कोपऱ्यात गेलो. डिलचे हात अजूनही मला आवडतात. आमच्या बैठकीत शेवटी थॉर्नडाइकच जिंकला. तो काय बोलला, हे ज्यांना ऐकू येतं त्यांनाही सांगता येईना.

जोलीनला कळवलंय. ती रडली, मग चिडली, मग गुरुवारी कान तपासायला नेते म्हणाली.

निघताना बाहेर बर्फावरून व्हर्ननने हात दिला. तो काहीतरी बोलत होता. सवयीनं मान हलणार होती, ती धरली आणि विचारलं, काय म्हणालास? त्यानं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा समजलं: माझ्या गाडीचे दिवे संध्याकाळपासून चालूच राहिले होते, बॅटरी उतरली होती. मग त्यानंच घरी सोडलं. वाटभर बोलत होता, आणि मी वाटभर काय, काय, विचारत होते.

आता कौल तुमचा. तो कुणालाही द्या. माया मात्र इकडेच असू द्या.
अर्डिस